नाकासमोर चालणारे

वच्छलाबाईंना मूर्ख माणसांचा राग येत नसे. राग बरोबरीच्यांचा यायचा असतो, असं त्यांचं मत. मूर्खांकडे त्या नुसतं पाहत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, भुवई न हलवता, समोरचा माणूस जागच्या जागी बारीक होत जाईल असं. सक्करदऱ्यातल्या मुलींच्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या, तेव्हा या एका नजरेवर त्यांनी शाळा चालवली. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की मुलीच काय, शिक्षकदेखील तोंडातला घास चावायचे थांबत. निवृत्तीनंतर शाळा गेली, नजर मात्र राहिली. ती आता घरात एकट्या मनोहररावांवर पडे.

मनोहरराव म्हणजे बाईंचे यजमान. वीज कचेरीत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच बाहेर पडले. मधल्या काळात त्यांनी कुणाशी भांडण केल्याचं किंवा कुणाला ठणकावून काही सांगितल्याचं ऐकिवात नव्हतं. ‘‘मले अर्धा कप चहा देशील का वं?’’ असं ते विचारत, आणि बाई म्हणत, ‘‘मले नाही. मला.’’ लग्न झाल्यापासून हे चाललं होतं. मनोहरराव ‘मले’ सोडत नव्हते, बाई दुरुस्ती सोडत नव्हत्या. ‘नाकासमोर चालणारा माणूस’ असं लोक त्यांच्याबद्दल कौतुकानं म्हणत. बाईसुद्धा म्हणत, पण त्यांच्या तोंडी ते कौतुक वाटत नसे.

त्या घरात कुत्रा आला तो मुलामुळे. रजत आणि त्याची बायको दीप्ती, दोघंही शहराबाहेरच्या मिहान या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत होती. दोघांनी फोनवर फोटो बघून एक बीगल जातीचं पिल्लू आणलं होतं: लांब लोंबते कान, पांढरे पाय, पाठीवर काळी झूल आणि शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका. पिल्लू होतं तोवर फोटो छान आले. मग ते मोठं झालं. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटं राहून त्यानं सोफ्याचा कापूस काढला, बुटांच्या जिभा खाल्ल्या, आणि कोल्ह्यासारखं मान वर करून असं गळा काढून रडायला लागलं की सोसायटीतल्या लोकांनी तक्रार केली. एका शनिवारी रजत ते घेऊन सक्करदऱ्याला आला.

‘‘आठच दिवस, आई,’’ तो म्हणाला. ‘‘वॅफल फार गोड आहे गं. फक्त ऐकत नाही.’’

‘‘काय नाव म्हणालास?’’

‘‘वॅफल. म्हणजे एक खायचा पदार्थ असतो.’’

‘‘असं होय. म्हणजे उद्या मला नातू झाला तर त्याचं नाव आलूबोंडा ठेवाल.’’ बाईंनी चष्मा खाली आणला. ‘‘कुंडीतली तुळस तुम्हाला महिनाभर जगवता आली नाही, आणि निघाले जनावर पाळायला. ठेव इथे. मी याला माणसात आणते. ऐकत नाही म्हणजे काय? आजवर माझं न ऐकणारं कुणी जन्मलेलं नाही.’’

दीप्ती नवऱ्याकडे पाहून बारीक हसली. ते हसू बाईंनी पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

मनोहररावांनी खाली वाकून हात पुढे केला. कुत्र्यानं त्यांची बोटं हुंगली, मनगट हुंगलं, सदऱ्याची बाही हुंगली, आणि मग एकदम शेपटी हलवायला लागला. ‘‘का गा वाफळ्या,’’ मनोहरराव म्हणाले. झालं, त्या दिवसापासून ते त्याला वाफळ्याच म्हणू लागले. बाई त्याला कोणत्याच नावानं हाक मारत नसत. त्या म्हणत, ‘कुत्रा’.

दुसऱ्या दिवसापासून शिस्त सुरू झाली. दुपारचा चहा झाला की बाई अंगणात खुर्ची टाकून बसत, हातात लाकडी पट्टी. पट्टी मारायला नव्हती, बाईंनी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. ती फक्त दिसायला हवी, एवढंच. ‘‘बस,’’ बाई म्हणत. कुत्रा उभा. ‘‘खाली बस.’’ कुत्र्याचं नाक जमिनीला. ते नाक फरशीच्या फटीवरून सरकत कुंडीपर्यंत जाई, कुंडीला वळसा घालून नळापाशी, तिथून कुंपणाच्या तारेपाशी. तिथे कधीतरी मांजर बसून गेलेलं असावं, कारण तिथं कुत्रा दगडासारखा खिळून राही. बाई नावाजलेल्या स्पष्ट उच्चारांत ‘इकडे ये’ म्हणत आणि त्याचा कानसुद्धा हलत नसे. तो ऐकून दुर्लक्ष करत होता, असंही नाही. तेही बाई समजू शकल्या असत्या. उद्धट मुली त्यांनी खूप पाहिल्या होत्या. उद्धट मुलीला आपण काय नाकारतो आहोत ते ठाऊक असतं. या प्राण्याच्या लेखी बाई अंगणात नव्हत्याच.

‘‘मठ्ठ आहे,’’ आठवडा संपता संपता त्यांनी निकाल दिला. ‘‘अगदी दगड. डोक्याच्या जागी पोट आहे याच्या.’’

हे मात्र खोटं नव्हतं. त्या आठवड्यात वाफळ्यानं परातीतला कणकेचा गोळा गिळला, शेजारच्या प्रेमिलाबाईंनी पाठवलेली कोथिंबिरीची सांबारवडी ओट्यावरून ओढून फस्त केली, आणि फ्रिजचं दार नाकानं कसं उघडायचं ते शोधून काढलं. फ्रिज उघडायला शिकला, पण ‘बस’ शिकला नाही. बाईंनी याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही.

‘‘त्याले वास येऊन राहिला असते कशाचा तरी,’’ मनोहरराव जेवताना म्हणाले. ‘‘एकदा वास लागला का त्याले दुसरं काही ऐकूच येत नाई. त्याचे कान नाकात हायेत.’’

‘‘त्याले नाही, त्याला. आणि तुमचे कुठे आहेत?’’

मनोहरराव पानात पाहून हसले आणि भाकरी मोडू लागले.

रजतला ‘ऐकत नाही’ असा निरोप द्यायचा, हे बाईंना शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी गुपचूप एका प्रशिक्षकाला बोलावलं. पियुष नाव त्याचं. लष्करी छापाची पँट, गळ्यात शिट्टी, कमरेला बिस्किटांची पिशवी. आल्या आल्या त्यानं बाईंनाच शिकवायला घेतलं.

‘‘काकू, फंडा एकच. याले समजलं पाह्यजे का बॉस कोण हाय. तुम्ही दरवाज्यातून पहिले निघायचं, तुम्ही पहिले जेवायचं. नजर से नजर मिलाओ, बस.’’

नजरेबद्दल हा मुलगा आपल्याला सांगतो आहे, हे पचवायला बाईंना थोडा वेळ लागला. ‘‘करून दाखव,’’ त्या म्हणाल्या.

पियुष गुडघ्यावर बसला, कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि डोळे वटारून त्याच्या डोळ्यांत पाहू लागला. वाफळ्यानं शांतपणे त्याचं नाक चाटलं. मग मान खाली घालून कमरेच्या पिशवीचा बंद दातात धरला, एक हिसका दिला आणि पिशवीसकट प्रेमिलाबाईंच्या कुंपणाखालून पसार झाला. पियुष शिट्टी फुंकत मागे धावला. गल्लीतली पोरं गोळा झाली. शिट्टीला सगळ्या गल्लीनं ओ दिली, तेवढी कुत्र्यानं दिली नाही. पिशवी रिकामी झाल्यावर तो आपल्या पायांनी परत आला, अंगणाच्या मधोमध आडवा झाला आणि ढेकर दिला.

‘‘बीगल थोडी जिद्दी राहते काकू,’’ पियुष घाम पुसत म्हणाला. ‘‘लॅब्रेडॉर घ्यायले पाह्यजे होता.’’

‘‘बाळ, तू कितवीपर्यंत शिकलास?’’ बाईंनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्या आत गेल्या.

रोज सकाळी कुत्र्याला फिरवायचं काम मनोहररावांकडे आपसूक आलं होतं. त्याला बाईंची हरकत नव्हती. त्यापेक्षा मोठं काम त्या दोघांपैकी कुणाला झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. रविवार तेवढा वेगळा. रविवारी मनोहरराव एकटेच बागेतल्या योगवर्गाला जात. गुडघ्यांसाठी. कैक वर्षांचा नेम. दुपारी घामेजून परत येत, आंघोळ करत आणि ‘आज जेवण कमीच दे’ म्हणत. योगानं भूक मंदावते, अशी बाईंची समजूत होती. त्यात त्यांना थोडं समाधानही होतं. डॉक्टरांनी मनोहररावांचं रक्त तपासून तेलकट बंद सांगितल्यापासून बाईंनी घरात मटण शिजवू दिलं नव्हतं, आणि मनोहररावांनी एका शब्दानं विरोध केला नव्हता.

बघता बघता आठ दिवसांचा महिना झाला. डिसेंबरातल्या एका रविवारी मनोहरराव योगाला गेल्यावर बऱ्याच वेळानं बाईंनी स्वतः कुत्र्याचा पट्टा हातात घेतला. दुपारी रजत आणि दीप्ती जेवायला येणार होते. निदान सरळ चालणं तरी त्यांना दाखवता यावं, एवढाच हेतू होता. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि कुत्र्याचं नाक रस्त्याला चिकटलं. तो डावीकडे निघाला.

‘‘उजवीकडे,’’ बाई म्हणाल्या आणि पट्टा ओढला.

कुत्र्यानं चारही पाय रोवले. बाईंनी जोर लावला. त्यानं पोट जमिनीला टेकवलं. तेवढ्यात समोरून स्कूटरवर नंदिनी आली, बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता कुठल्याशा बँकेत साहेबीण.

‘‘नमस्कार बाई! ऐकून नाही राहिला का?’’

भर रस्त्यात, विद्यार्थिनीसमोर, कुत्र्याशी रस्सीखेच खेळणारी बाई. वच्छलाबाईंच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं आणि त्यांनी ताबडतोब निर्णय घेतला.

‘‘न ऐकायला काय झालं? आम्हाला तिकडेच जायचं आहे,’’ त्या म्हणाल्या आणि पट्टा सैल सोडला.

कुत्रा निघाला तो असा की बाईंना साडी उचलून धरावी लागली. आजवर त्यांना वाटायचं, हा भटकतो. आज पट्ट्याच्या टोकाला धरून चालताना कळलं, हा भटकत नव्हता. नाक रस्त्याच्या एका कडेनं जात होतं. मध्येच रेघ तुटली की तो थांबे, लहानसं वर्तुळ घेई, रेघ सापडली की शेपटी ताठ करून पुन्हा पुढे. एका भटक्या कुत्र्यानं भुंकून अडवलं, त्याच्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. कचराकुंडीजवळ कुणीतरी टाकलेला पोह्यांचा पुडा होता, तोसुद्धा त्यानं ओलांडला. पोहे सोडून हे ध्यान पुढे जातं म्हणजे मामला गंभीर आहे, एवढं बाईंना समजलं. हुशार मुलगी गणितात गुंग होते तेव्हा तिला हाक मारू नये, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हाक मारली नाही.

पानठेल्यापाशी कुत्रा थांबला आणि फळीखाली घोटाळला.

‘‘वाफळ्या हाय हा तर!’’ पानवाला म्हणाला. ‘‘काकाजी केव्हाचेच गेले ना. सामोर.’’

‘‘कोण काकाजी?’’

‘‘मनोहरकाका. रविवारी इथूनच जाते ना ते.’’

बाग नेमकी उलट दिशेला होती. बाईंनी चष्मा वर सारला. म्हणजे योगवर्ग पानठेल्यावर भरतो तर! खोटं बोलण्याइतकी धमक त्या माणसात असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. जाऊन पाहावं तर खरं, की हा भित्रा प्राणी खोटं बोलून करतो तरी काय. फार तर कुठे पत्ते कुटत बसला असेल, आणि तिथेही हरत असेल.

कुत्र्यानं त्यांना तलावाकडच्या रस्त्यानं नेऊन एका पत्र्याच्या मोठ्या गोदामापाशी आणलं. ‘ताराचंद मंडप डेकोरेशन’ अशी रंग उडालेली पाटी होती. दार अर्धं उघडं. आतून भाजलेल्या मसाल्याचा असा जोरदार वास आला की माणसाच्या नाकालाही पुरे. आणि त्याबरोबर बाईंना एक आवाज ऐकू आला. खणखणीत, शुद्ध, एकेक अक्षर सुटं. क्षणभर बाईंना वाटलं, आपणच बोललो.

‘‘ताराचंद! हा कांदा चिरला आहेस की फोडला आहेस? आणि मले नाही, मला. बाकावर उभा राहा!’’

आत पाचसात म्हातारे पोट धरून हसत होते. मध्ये विटा रचून केलेल्या चुलीवर मटणाचं मोठं पातेलं, आणि पातेल्यापुढे कमरेला पंचा बांधून, हातात लांब दांड्याचा झारा घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मनोहरराव उभे होते. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, भुवई न हलवता. ज्याच्याकडे पाहिलं तो खरोखर अंग चोरून बारीक झाला. मग मनोहररावांनी झारा वर केला.

‘‘हसायचं बंद. चला, एकेक जण, खाली बस!’’

म्हातारे धपाधप मंडपाच्या प्लास्टिक खुर्च्यांत बसले. आणि दाराबाहेर, बाईंच्या पायाशी, कुत्राही बसला. अगदी सरळ. मान वर, पुढचे पाय जोडलेले. महिनाभर पट्टी दाखवून जे झालं नव्हतं ते झालं होतं.

बाईंना काय वाटलं ते त्यांना त्या वेळी नीट कळलं नाही. नक्कल झाली म्हणून वाईट वाटलं नव्हतं. शाळेत मुली नक्कल करत, त्यांना माहीत होतं. पण मुलींची नक्कल वाईट असे, ओढूनताणून केलेली. ही अचूक होती. इतकी अचूक नक्कल करायला माणसाला फार वर्षं ऐकावं लागतं, आणि तो तर काहीच ऐकत नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. शिवाय तो आवाज. आपला आवाज शिस्तीचा आहे, असा त्यांचा समज होता. बाहेरून ऐकताना त्यात शिस्त फारशी नव्हती. त्यात दुसऱ्याला किडा समजणं होतं.

तेवढ्यात माणूस सापडल्याचा आनंद कुत्र्याला आवरला नाही. त्यानं मान वर करून लांबलचक गळा काढला. आतले सगळे वळले. खुर्च्या सरकल्या, आणि म्हातारे एका ओळीत उठून उभे राहिले. ताराचंदच्या हातात कांदा तसाच.

मनोहररावांनी चष्मा जागेवर नेला. बाईंना वाटलं, आता हा माणूस आवंढा गिळेल, ‘ते असं झालं का’ म्हणून सुरुवात करेल. पण मनोहरराव चुलीकडे वळले, जाळ थोडा कमी केला, आणि मग म्हणाले, ‘‘आलीच हायेस तर जेवून जा. रस्सा उतरूनच राहिला.’’

‘‘हा योगवर्ग?’’

‘‘हा.’’

‘‘आणि हे खायची तुम्हाला परवानगी आहे?’’

‘‘मी दोन फोडी खातो. बाकी यायले वाढतो.’’ त्यांनी झारा पातेल्यावर आडवा ठेवला. ‘‘मले रांधायले आवडते, वच्छला. घरात तू ओट्याजवळ उभं राहू देत नाईस. घरी तू हेडमास्तरीण, इथं मी. कोणाचं काही बिघडत नाई.’’

बाईंच्या ओठांवर ‘मला’ आलं होतं. ओळीत उभे असलेले म्हातारे त्याचीच वाट पाहत होते, हे त्यांना दिसलं. त्यांनी ते गिळलं.

‘‘कुत्रा तुमच्या शब्दावर बसला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कसा?’’

मनोहररावांचा चेहरा खुलला. ‘‘कलेजीचा बारका तुकडा मुठीत धरतो. तो हुंगते, वर पाह्यते, वर पाहता पाहता आपसूकच बसते. बसला का मंग मी ‘बस’ म्हणतो अन् मूठ उघडतो. पहिले नाई म्हणत. अन् रोज सकाळी निघालो का पहिले त्याले त्याच्या मनानं हुंगू देतो. जिथं तो नेते तिथं जातो मी. त्याचं पोट भरलं, म्हणजे नाकाचं पोट, का मंग माझंही थोडं ऐकते. हे जात सशाच्या मागं सोडायसाठी काढली माणसानं. मान खाली घालून शोधत राह्यचं अन् मालकाकडे पाह्यचं नाई, हेच याच्या बापजाद्यायले शिकवलं. अन् आपण त्याले म्हणतो, काहून ऐकत नाई.’’

‘‘म्हणजे लाच देता.’’

‘‘लाच तर लाच. तूही पगार घेऊनच शाळेत जात होतीस ना वं?’’

ओळीतल्या एकाला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसला.

बाई जेवल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून, भाकरीबरोबर. रस्सा झणझणीत होता, खसखस नेमकी वाटलेली, आणि कुठे कमी-जास्त म्हणायला जागा नव्हती. त्यांनी शोधून पाहिली. शेवटी ‘‘भाकऱ्या जाड आहेत’’ एवढं म्हणाल्या. भाकऱ्या ताराचंदच्या होत्या.

दुपारी रजत आणि दीप्ती आले. जेवणं झाल्यावर मनोहररावांनी अंगणात मूठ पुढे धरली आणि वाफळ्या बसला, उठला, पुन्हा बसला. दीप्तीनं लगेच फोन काढला. ‘‘किती शहाणा झालाय! आई, तुम्ही कमालच केलीत. आम्ही आजच घेऊन जातो ना याला.’’

बाईंनी चष्मा खाली आणला.

‘‘मी नाही केली,’’ त्या म्हणाल्या. ते वाक्य अवघड गेलं, आणि म्हणून पुढचं त्यांनी जरा जास्तच धारदार काढलं. ‘‘यांनी केली. आणि तो कुठेही जाणार नाही. तुम्हाला कुत्रा नको आहे, फोटो हवा आहे. तेवढे काढून घ्या आणि जा. ज्याचं नाक मैलभर लांब आहे त्याला तुम्ही पाचव्या मजल्यावर कोंडून ठेवलंत, आणि तो रडला तर म्हणालात, ऐकत नाही!’’

‘‘आई, तूच तर त्याला मठ्ठ म्हणायचीस,’’ रजत म्हणाला.

‘‘म्हणत होते. मला वाटायचं घरात एकच मठ्ठ आहे. आता मोजायला बसले तर बोटं पुरत नाहीत.’’

त्यात त्यांनी स्वतःला धरलं होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. रजत आणि दीप्ती फोटो काढून गेले.

वाफळ्या सक्करदऱ्याला राहिला. रविवारी तो मनोहररावांबरोबर गोदामात जातो. बाई पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. ताराचंदनं दोनदा बोलावणं पाठवलं, दोन्ही वेळा त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. पण ओट्याच्या डाव्या बाजूचे डबे त्यांनी उचलून वर ठेवले आणि तिथं मनोहरराव भाजी चिरतात. बाई तेव्हा मुद्दाम दुसऱ्या खोलीत पेपर वाचतात, कारण चिरणं पाहिलं तर बोलल्याशिवाय राहवणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळचा कुत्रा मात्र त्यांचा. हातभर लांबीचा होता तो पट्टा काढून त्यांनी चांगली लांब दोरी आणली. तलावाच्या कडेनं कुत्रा पुढे आणि बाई मागे, तो जिथं थांबेल तिथं थांबत, वळेल तिथं वळत जातात. त्याच रस्त्यानं आपापले लॅब्रेडॉर फिरवणारी चकचकीत बूट घातलेली मंडळी येतात. त्यांची कुत्री मालकाच्या गुडघ्याला अंग घासत, सतत वर तोंडाकडे पाहत चालतात. परवा त्यातल्या एकानं थांबून हसत विचारलं, ‘‘मॅडम, कोण कोणाला फिरवून राहिलं?’’

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या कुत्र्याकडे.

‘‘माझा शोधतो आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचा विचारतो आहे, साहेब, आता काय करू? आयुष्यभर असे लोक पाहिलेत मी,’’ आणि दोरीला झटका बसला तशा त्या झुडपांच्या दिशेनं निघून गेल्या.